रहिवासी संघ काढायचाय: आधी वर्गणी की आधी नियमावली?

तिसरी गल्ली

तीन गल्ल्या, ७३ बांधलेली स्वतंत्र घरं आणि ११ रिकामे प्लॉट. ७३ पैकी १९ घरांत फक्त भाडेकरू आहेत, मालक दुसरीकडे राहतात. आत्तापर्यंत सगळा कारभार व्हॉट्सॅप ग्रुपवर आणि ‘ज्याला जमेल त्याने’ या तत्त्वावर चाललाय. आता रखवालदार, आतल्या रस्त्यांवरचे दिवे, कचरा आणि मधल्या मोकळ्या जागेची निगा यासाठी रीतसर रहिवासी संघ काढायचं घाटतंय. संघ ऐच्छिकच असेल, सक्ती करता येणार नाही.

एक गट म्हणतो, वर्गणी सुरू करा, नियम मागाहून बघू. दुसरा म्हणतो, नियमावली झाल्याशिवाय कुणाच्या हातात पैसे देणार नाही. दोन्ही गटांचं बरोबर वाटतं, हीच पंचाईत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सभासद कोणाला धरायचं: मालकाला, भाडेकरूला की दोघांनाही? रिकाम्या प्लॉटवाल्याकडून किती घ्यायचं? आणि नोंदणी लगेच करावी की वर्षभर चालवून बघून?

कलम-उपकलम

दुसऱ्या गटाचं ऐका. पण तीस पानी नियमावलीची वाट पाहू नका, चार पानं पुरतात.

सुरुवात नकाशापासून. ‘आमची वस्ती’ असं मोघम लिहू नका. प्लॉट क्रमांकांची यादी करा आणि नकाशावर रेघ मारा. भांडण नेहमी कोपऱ्यावरच्या घरांचं असतं: भिंत तुमच्या गल्लीला, दार मोठ्या रस्त्याला. ते आत की बाहेर, हे आज ठरलं तर पाच मिनिटांत ठरतं. पुढे त्यांची थकबाकी निघाल्यावर ठरवायला गेलात तर कधीच ठरत नाही.

मग पाच ते सात जणांची हंगामी समिती. प्रत्येक गल्लीतला किमान एक जण हवा, आणि मुदत ९० दिवस, तीही लेखी. मुदत न घातलेली हंगामी समितीच पुढे ‘कार्यकारिणी’ होऊन बसते आणि मग तिला निवडलं कोणी, हा प्रश्न जन्मभर पुरतो.

समितीने घरोघरी एक पानी विचारणा करावी. ‘संघ हवा का?’ असं विचारू नका. त्याला सगळेच हो म्हणतात. ‘या चार कामांपैकी कोणकोणत्या कामासाठी दरमहा पैसे द्याल?’ असं विचारा आणि सही घ्या. एखाद्या कामाला साठ टक्क्यांपेक्षा कमी सह्या आल्या तर ते काम पहिल्या वर्षी हातात घेऊ नका. दोनच कामं नीट झाली तर तिसऱ्याला सह्या आपोआप येतात.

स्थापना सभेची सूचना १४ दिवस आधी, मसुदा हातात ७ दिवस आधी. सभेतला क्रम महत्त्वाचा: नाव आणि हद्द, मग नियमावली कलमवार, आणि निवडणूक सर्वांत शेवटी. निवडणूक आधी घेतली की निवडून आलेलेच आपले अधिकार लिहायला बसतात. हेतू चांगला असला तरी अधिकार फुगतातच.

सभासदत्व माणसाला देऊ नका, घराला द्या. एक घर, एक मत. संयुक्त मालकी असेल तर मत कोण देणार त्याचं एकच नाव नोंदवहीत. एकाचेच तीन प्लॉट असतील तर मतं तीन की एक, हे स्पष्ट लिहा. मी ‘जेवढ्यांची वर्गणी तेवढी मतं, पण कमाल दोन’ असं सुचवेन. भाडेकरूला मालकाच्या लेखी पत्रावर मत देता यावं: दिवे, कचरा, रखवालदार, रोजच्या कामाचं सगळं. मात्र नियमावलीतली दुरुस्ती, मोठा एकरकमी खर्च आणि संघ बरखास्त करणं हे तीन विषय मालकाकडेच ठेवा. भाडेकरूला पूर्ण वगळलंत तर १९ घरांमधून वर्गणी येणारच नाही, कारण दिव्याचा उपयोग त्यांना आणि मत भलत्याला.

कार्यकारिणी सात जणांची: प्रत्येक गल्लीचे दोन, एक खुली जागा. मुदत दोन वर्षं, पण पहिल्या खेपेला चिठ्ठ्या टाकून तिघांना एकच वर्ष द्या. मग दरवर्षी अर्धी समिती बदलते आणि जुन्या कागदपत्रांची माहिती असलेलं कोणीतरी कायम आत राहतं. सचिव आणि खजिनदार एकाच घरातले नकोत. खजिनदार सलग दोन मुदतींपेक्षा जास्त नको, माणूस कितीही भला असला तरी. किंबहुना भला असेल तर अधिकच, कारण त्याच्याकडे हिशेब मागायला सगळ्यांना संकोच वाटतो.

एक कलम जवळपास प्रत्येक मसुद्यात विसरलेलं असतं: संघ बंद पडला तर शिल्लक पैशाचं काय. ते घाला.

नोंदणीचा कायदा आणि पद्धत जागोजागी वेगळी, त्यामुळे कागद स्थानिक जाणकाराला दाखवूनच करा. कधी करायची याचं उत्तर मात्र सोपं आहे: पहिला करार करण्याआधी. नोंदणी नसलेल्या मंडळाला बहुतेक ठिकाणी स्वतःच्या नावाने करार करता येत नाही. मग रखवालदाराच्या करारावर जो सही करतो, देणं त्याच्याच गळ्यात पडतं. आणि खातं एखाद्याच्या वैयक्तिक नावावर असलं तर तो माणूस वारल्यावर ते पैसे त्याच्या वारसांच्या प्रकरणात अडकतात. तोवर कोणाच्याही नावावर पैसे गोळा करू नका. छपाई, झेरॉक्स वगैरे किरकोळ खर्च हंगामी समितीने वाटून घ्यावा आणि पहिल्या सभेत मंजुरी घेऊन परत घ्यावा.

रोजमेळ

वरच्या प्रतिसादातली शेवटची ओळ लाल शाईने अधोरेखित करा.

वर्गणी ठरवताना बहुतेक जण ‘लोक किती देतील’ इथून सुरू करतात. खर्चापासून सुरू करा. वर्षाचा खर्च १०० धरा. शंभर हवेत म्हणून शंभराचीच मागणी केली आणि वसुली ८५ टक्के झाली (ऐच्छिक संघात ही चांगलीच म्हणायची), तर १५ ची तूट. म्हणून मागणी १०० भागिले ०.८५, म्हणजे जवळपास ११८ ची. जास्त जमलं तर पुढच्या वर्षी दर कमी करा, लोक खूश होतात. वर्षाच्या मध्यात दर वाढवायला गेलात तर देणारेही थांबतात.

रखवालदाराचा खर्च बहुतेकांचा चुकतो, म्हणून तो मांडून दाखवतो. एका ठिकाणी चोवीस तास माणूस म्हणजे आठवड्याचे १६८ तास. एका माणसाचे ४८ तास धरले तर साडेतीन माणसं लागतात, रजा-आजारपण धरून चार. ‘दोघांना बारा-बारा तास’ म्हणजे प्रत्येकाला आठवड्याला ८४ तास आणि सुट्टी एकही नाही. ते बेकायदा ठरण्याची शक्यता आहेच, शिवाय पहाटे तीनला तो झोपलेला असणार, त्यात त्याचा दोष नाही. चौघांचं परवडत नसेल तर फक्त रात्रीची पाळी ठेवा: बारा तास गुणिले सात म्हणजे ८४, दोन माणसं, थोडी ओढाताण.

रखवालदार ठेवण्याआधी तीन महिन्यांचा खर्च खात्यात हवा. पगाराची तारीख ठरलेली असते, वर्गणी मात्र ठिबकत येते.

राखीव निधी वेगळ्या खात्यात. वस्तू बदलायचा खर्च भागिले तिचं उरलेलं आयुष्य, तेवढं दरवर्षी बाजूला. दिव्यांबाबत सावध राहा. एलईडीच्या खोक्यावर ५०,००० तास लिहिलेलं असतं. रात्री बारा तास म्हणजे वर्षाला ४,३८० तास, हिशेबाने अकरा वर्षं. पण डायोड टिकला तरी आतला ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारा भाग) विजेच्या चढउताराने आणि उन्हात तापून आधी जातो. म्हणून पाच-सहा वर्षंच धरा.

आता रोजचा व्यवहार. पावती पुस्तक अनुक्रमांकाचं, प्रतीसह. रद्द पावती फाडायची नाही. मूळ आणि प्रत दोन्ही ‘रद्द’ लिहून पुस्तकातच टाचायच्या. आलेली रोकड तीन दिवसांत बँकेत, आणि त्या रोकडीतून परस्पर खर्च अजिबात नाही. घोळ इथेच सुरू होतो: वर्गणीचे पैसे हातात होते, इलेक्ट्रिशियन आला, त्यातूनच दिले. आता जमाही कमी दिसते आणि खर्चही. किरकोळ खर्चासाठी ठरावीक रक्कम वेगळी ठेवा आणि व्हाउचर दिल्यावर जेवढी गेली तेवढीच भरा. उरलेली रोख अधिक व्हाउचर ही बेरीज कोणत्याही दिवशी त्या ठरावीक रकमेएवढी यायलाच हवी.

सह्या तिघांपैकी दोघांच्या. पण चेकवर दोन सह्या आणि ऑनलाइन बँकिंगचा पासवर्ड-ओटीपी एकट्याच्या मोबाइलवर, असं असेल तर दोन सह्यांना काही अर्थ नाही. एकाने व्यवहार नोंदवायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी सोय देणारंच खातं उघडा.

ऑनलाइन वर्गणीत सगळ्यांत मोठी डोकेदुखी म्हणजे ‘कोणाची आली?’ मुलाच्या, सुनेच्या, दुकानाच्या नावाने पैसे येतात. यावर साधी युक्ती: घराचा अनुक्रमांक रकमेच्या दशांशात. वर्गणी ५०० असेल तर ३७ क्रमांकाच्या घराने ५००.३७ भरायचे. बँकेचं पान उघडलं की घर दिसतं.

दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत बँकेशी ताळमेळ, आणि तो खजिनदाराने करायचा नाही. समितीतल्या दुसऱ्या कोणीतरी करायचा. त्यानंतर एक पानी पत्रक: आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक, किती घरांची किती महिन्यांची थकबाकी. हे पत्रक दोन महिने नाही निघालं की कुजबुज सुरू होते, मग हिशेब कितीही चोख असो.

रिकामे प्लॉट: कचरा सोडून बाकी सगळ्यात हिस्सा.

फाटकापाशी

प्लॉटबाबत सहमत नाही. मोकळ्या प्लॉटला रखवालदाराचा उपयोग घराएवढा नाही. राखीव निधी आणि रस्त्या-दिव्यांचा हिस्सा पूर्ण घ्या, रखवालदाराचा अर्धा, कचऱ्याचा शून्य. आणि प्लॉट साफ ठेवायची जबाबदारी मालकाची, असं कलम घाला. झाडोरा माजला तर त्रास शेजारच्या दोन्ही घरांना.

बाकी, दिव्यांचं काम अंगावर घेण्याआधी रस्ता कोणाचा ते कागदावर बघा. रस्ता सार्वजनिक असेल तर दिव्यांची देखभाल बहुधा स्थानिक संस्थेचं काम असतं. तुम्ही एकदा स्वखर्चाने दिवे बदलले की पुढच्या अर्जाला ‘संघ बघतो ना’ हेच उत्तर येणार. अर्ज लेखी द्या, खांबांचे क्रमांक त्यात घाला, पोच घेतलेली प्रत फाइलला लावा. तसंच सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय फाटक किंवा गतिरोधक बसवू नका. रुग्णवाहिका अडली तर सभेतला ठराव कामाला येत नाही.

ऐनवेळचे विषय

सभांबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि संघ बहुतेक तिथेच घसरतो.

गणसंख्या, म्हणजे सभा वैध ठरायला लागणारी किमान उपस्थिती. ८४ सभासद असतील तर निम्मी म्हणजे ४२ ठेवण्याचा मोह होतो, लोकशाही वाटते म्हणून. प्रत्यक्षात पहिल्या दोन सभांनंतर ४२ माणसं जमत नाहीत आणि प्रत्येक सभा तहकूब. दहावर आणली तर एकाच गल्लीतले दहा जण सगळं ठरवतात. एक तृतीयांश, म्हणजे २८, हे जमण्यासारखं आहे. तहकुबीचा नियम असा लिहा: अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच विषयपत्रिकेवर, उपस्थितांत सभा घेता येईल, मात्र नियमावली बदल आणि विशेष वर्गणी हे विषय अशा सभेत घेता येणार नाहीत. आणि गणसंख्या मतदानाच्या वेळी मोजायची. सुरुवातीच्या सह्या ३० आणि मतदानाला १७ उरलेत, हे नेहमीचं आहे.

प्रतिनिधीपत्रं (न आलेल्या सभासदाच्या वतीने मत देण्याची): एका माणसाकडे कमाल दोन. मर्यादा नसेल तर कोणीतरी पंधरा पत्रं खिशात घालून येतो आणि सभा खिशातच होते.

बहुमत कशाचं, हे लिहा. उदाहरण बघा: उपस्थित ४०, बाजूने १८, विरोधात १५, तटस्थ ७. झालेल्या मतांचं बहुमत धरलं तर ३३ पैकी १८, ठराव मंजूर. उपस्थितांचं बहुमत धरलं तर २१ लागतात, ठराव नामंजूर. दोन्ही पद्धती चालतात. पण नियमावलीत नुसतं ‘बहुमताने’ असेल तर त्या रात्री दोन्ही बाजू जिंकल्याचं समजून घरी जातात.

‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात फक्त चर्चा, निर्णय नाही. खर्चाचा तर मुळीच नाही. न आलेल्या सभासदाने सूचनेतले विषय वाचूनच न यायचं ठरवलेलं असतं; त्याच्या पाठीमागे नवा विषय मंजूर केला तर त्याची तक्रार रास्तच आहे.

इतिवृत्त: कोण काय बोललं याचं नाटक लिहू नका. ठराव क्रमांक, ठरावाचे नेमके शब्द, सूचक, अनुमोदक, तीन आकडे (बाजूने, विरोधात, तटस्थ), खर्चाची कमाल मर्यादा, काम कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत. ‘कॅमेरे बसवण्याचे सर्वानुमते ठरले’ हा ठराव नाही, इच्छा आहे. किती कॅमेरे, कुठे, कितीपर्यंत खर्च, किती दरपत्रकं मागवायची, चित्रण किती दिवस ठेवायचं आणि ते बघायचा अधिकार कोणाला, हे सगळं त्यात हवं. शेवटचे दोन मुद्दे सुटले की कॅमेरा चोरापेक्षा शेजाऱ्यांवरच जास्त वापरला जातो. कच्चं इतिवृत्त सात दिवसांत फिरवा, पुढच्या सभेत कायम करा. वही बांधीव, पानांवर छापील क्रमांक.

व्हॉट्सॅपवरचा अंगठा म्हणजे मत नव्हे. ग्रुप दोन करा: एक फक्त सूचनांचा, जिथे सचिवच लिहील, दुसरा गप्पांचा. शुभ सकाळच्या खाली पाणी बंद असल्याची सूचना गाडली जाते, ते तरी टळेल.

तिसरी गल्ली

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. दशांशाची युक्ती लगेच उचलतोय.

एक राहिलं. १२ घरं आत्ताच म्हणताहेत की रस्ता सगळ्यांचा, दिवा सगळ्यांना दिसतो, मग आम्ही का द्यायचं? त्यांची नावं फलकावर लावावीत असं काहींचं मत आहे. कचरा उचलणं बंद करावं असंही एक मत आहे.

रोजमेळ

आधी ते बारा जण एकाच प्रकारचे नाहीत हे ओळखा. काही विसरतात, काहींना रकमेवर आक्षेप असतो, काहींना मुळात संघच नको असतो. पहिल्यांसाठी वर्षाची एकदम भरण्याची सोय आणि त्यावर एका महिन्याची सूट. दुसऱ्यांना हिशेब दाखवा आणि त्यांच्यातल्याच एकाला हिशेब तपासनीस करा; ही युक्ती चालते, कारण आकडे स्वतः जुळवलेला माणूस त्यांची बाजू घ्यायला लागतो. तिसऱ्यांच्या मागे लागू नका.

थकबाकीचा क्रम: १५ दिवसांनी आठवण, ४५ दिवसांनी खातेउताऱ्यासह पत्र, ९० दिवसांनी समितीतल्या दोघांनी प्रत्यक्ष भेट आणि हप्त्यांची तयारी. भेटीला एकट्याने जायचं नाही.

नावं फलकावर लावायला माझी हरकत नाही, घर क्रमांक तरी लावावा.

कलम-उपकलम

हरकत असायला हवी. ऐच्छिक संघात जो सभासदच नाही त्याचं देणं कायद्याने देणं आहे का, हाच प्रश्न आहे. नसेल तर त्याचं नाव ‘थकबाकीदार’ म्हणून लावणं म्हणजे बदनामीचा दावा ओढवून घेणं. पत्रकात नुसती संख्या द्या: ‘१२ घरं सभासद नाहीत, ५ सभासदांची तीन महिन्यांहून जास्त थकबाकी’. सभासद नसलेला आणि थकवलेला सभासद, हे दोन रकाने कायम वेगळे.

काय रोखता येतं: मतदान, निवडणूक लढवणं, संघाचं सामान किंवा जागा वापरायला घेणं, भाडेकरू बदलताना संघाकडून मिळणारं सहकार्य. काय कधीच रोखायचं नाही: पाणी, स्वतःच्या घरी जायचा रस्ता, तातडीची मदत. कचराही त्यातच धरा. एका घराचा कचरा उचलला नाही तर तो रात्री कोपऱ्यावर येतो आणि वास वर्गणी देणाऱ्यांना येतो.

फाटकापाशी

+१. आणि ८५ टक्के वसुली धरून दर ठरवला असेल तर हे बारा जण हिशेबात आधीच धरलेले आहेत. ८४ पैकी १२ म्हणजे १४ टक्के. रात्रीची झोप उडवण्याएवढा हा आकडा नाही. पंचवीसच्या वर गेले तर मात्र माणसांवर चिडण्याआधी एखादं काम कमी करा.

तिसरी गल्ली

मसुद्यातलं सभासदत्वाचं कलम असं केलंय, बघा: ‘हद्दीतील प्रत्येक घर अथवा प्लॉट हे एक एकक. प्रत्येक एककास एक मत. एकाच मालकाची अनेक एकके असल्यास कमाल दोन. कार्यकारिणीवर हद्दीत राहणाऱ्या सभासदासच निवडून येता येईल. सभेची सूचना सचिव १४ दिवस आधी घरपोच देतील.’

ऐनवेळचे विषय

पहिली तीन वाक्यं ठीक. चौथ्यामुळे ११ प्लॉटवाले पैसे देतील, मत देतील, पण समितीवर कधीच येऊ शकणार नाहीत, आणि १९ घरांचे मालकही नाहीत. तसंच हवं असेल तर राहू द्या, पण सभेत हे मोठ्याने वाचून दाखवा. नाहीतर खुली जागा त्यांना मोकळी करा.

पाचवं वाक्य बदलाच. रिकाम्या प्लॉटला घरपोच सूचना कुठे देणार, झाडाला? ‘सभासद नोंदवहीतील पत्त्यावर किंवा ईमेलवर पाठवलेली सूचना पोचली असे धरले जाईल, पत्ता बदलल्यास कळवणे ही सभासदाची जबाबदारी’ असं लिहा. आणि पाठवल्याची नोंद तारखेसह ठेवा. ‘मला सभेची सूचनाच नव्हती’ म्हणून ठराव रद्द करायला जे येतात, ते बहुधा याच तीस जणांपैकी असतात.